मालनताईंचा तिसरा कोपरा

मालनताई गोधडीवरून सारखं काहीतरी उचलतात आणि तिथे काहीच नसतं. हे मी शनिवारी सकाळी साडेअकराला पहिल्यांदा पाहिलं. आता रविवारही संपला, तरी तो हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. अंगठा आणि पहिलं बोट चिमटीसारखी जवळ येतात, कापडावर पडलेला सुटा धागा उचलल्यासारखं करतात, बाजूला टाकतात. मग चार-पाच टाके. मग परत चिमूट.

घरात सगळे झोपले आहेत. मला झोप येत नाही म्हणून लिहायला बसले. ही गोष्ट कोणाला सांगणार नाही असं मी आज दुपारी कबूल केलं आहे. लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली आहे.

मालन मेस्त्री, वय सदुसष्ट. लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, एकट्याच. परळला शाळांचे गणवेश शिवायच्या एका कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं फक्त कॉलर लावल्या. बाह्या दुसरी लावायची, काजं तिसरी करायची, कॉलर मालनताई. कॉलर वाकडी बसली की अख्खं पोर वाकडं दिसतं, असं त्या म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान बाबुराव गेले. मी भेटायला गेले होते. मालनताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नातेवाईक बायका आपसात कुजबुजत होत्या, हिला रडवा कोणीतरी. त्यांचा मुलगा मयूर नाशिकहून आला होता, तो दाराबाहेर गॅलरीत उभा राहून रडत होता. मी जवळ बसले तर मालनताई म्हणाल्या, "चहा घेतलास?" मी म्हटलं, तुम्ही कशा आहात? म्हणाल्या, "बरं आहे."

हे त्यांचं बरं आहे सगळ्याला असतं. गुडघे, साखर, चाळीच्या पुनर्विकासाच्या बैठका, मयूर. त्याच्या खाली काय आहे ते मला आठ वर्षांत कळलेलं नाही. मीही फार खोदलं नाही.

आठ वर्षांपूर्वी माझी मुलगी श्रेया शिकायला बाहेरगावी गेली आणि माझे हात रिकामे झाले. दादरला माझ्या शेजारणीने सांगितलं, लालबागला एक बाई शनिवारी गोधडी शिकवतात. त्यांच्या खोलीत आम्ही चौघी-पाचजणी जमिनीवर बसायचो, एकीच्या गुडघ्याला दुसरीचा गुडघा. गोधडी बाहेरच्या काठापासून शिवत आत न्यायची असते. एक फेरी, मग तिच्या आत बोटभर अंतर सोडून दुसरी, अशा फेऱ्या घालत मध्यापर्यंत जायचं. सगळी कसोटी कोपऱ्याला. "कोपऱ्यात सुई थांबव," मालनताई म्हणायच्या. "श्वास घे. मगे वळ. एक कोपरा घाईत वळलीस तर पुढच्या सगळ्या फेऱ्या त्याच्या मागनं वाकड्या जातत."

माझ्या पहिल्या गोधडीची एक पूर्ण फेरी त्यांनी मला उसवायला लावली होती. दीड महिन्याचं काम होतं ते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चहा केला, कप पुढे ठेवला, आणि म्हणाल्या, "पी. मग उसव."

लॉकडाऊनमध्ये बैठक बंद झाली तेव्हा आमच्यातल्या दर्शनाने ती फोनवर आणली. दर्शना ठाकूरद्वारला राहते, बँकेत आहे, तिला कुठलीही गोष्ट बंद पडलेली चालत नाही. आता आम्ही अकराजणी आहोत. वर्षातून दोनदा एक अख्खा शनिवार-रविवार व्हिडिओ चालू ठेवून सगळ्या आपापल्या घरी शिवत बसतो. गटाचं नाव चार बोटं. चार बोटं काम पुढे सरकलं की फोटो टाकायचा, बाकीच्यांनी शाबासकी द्यायची. दर्शनाचा एकच नियम आहे. कॅमेरा हातांवर.

"तोंडं काय बघायची एकमेकींची," ती म्हणते. "तोंड दिसलं की केस विंचरावे लागतात."

त्यामुळे दोन दिवस आम्ही एकमेकींचे फक्त हात बघतो. म्हणूनच ती चिमूट मला दिसली. आणि म्हणूनच मालनताईंचा चेहरा मी गेले सहा महिने पाहिलेला नाही, हेही आजच लक्षात आलं.

शनिवारी त्यांच्या कॅमेऱ्यात गोधडी होती, उजवा हात होता, आणि बाजूला एक जुनी सुया टोचायची गादी. गादीवर बारा सुया एका ओळीत, सगळ्या आधीच ओवलेल्या, पांढरे दोरे खाली लोंबत. मला वाटलं, कारखान्याची शिस्त. गोधडी लहान होती, बाळाची. मयूरकडे मूल व्हायचं आहे, पावणेदोन महिने राहिलेत. वरचं कापड बाबुरावांच्या शर्टांचं. निळ्या बारीक चौकटी मी ओळखल्या, ते मतदानाला तोच शर्ट घालून जायचे.

दिवसभर नेहमीच्या गप्पा झाल्या. कॉटन ग्रीनची संघमित्रा सगळ्यांत नवी, तिने तीन तासांनी पहिला फोटो टाकला.

"हे चार बोटं?" दर्शना म्हणाली.

"माझ्या भाचीची चार बोटं," संघमित्रा म्हणाली. "ती सात महिन्यांची आहे."

"भाचीला बसव मग, ती तरी उरकेल."

"गप शिवा गो," मालनताईंचा आवाज आला. "तोंड चालता तेव्हा टाका लांब पडता."

संध्याकाळी पाचला मालनताईंनी फोटो टाकला. मी तो मोठा करून पाहिला. दोन कोपरे त्यांचे होते, सुरीने कापल्यासारखे. तिसऱ्या कोपऱ्यात दोरा थांबलाच नव्हता. तो सरळ पुढे गेला होता, आधीच्या दोन फेऱ्या ओलांडून जवळजवळ काठापर्यंत, आणि तिथून गोल वळसा घेऊन परत आत आला होता. पुढच्या दोन फेऱ्या त्याच्या मागोमाग तशाच गोल.

मी काही लिहायच्या आत संघमित्राने लिहिलं, हे काय भारी आहे मालनताई, पाण्याची लाट आल्यासारखं वाटतंय. दर्शनाने लिहिलं, आम्हाला सरळ कोपरे शिकवले आणि स्वतः नवीन नक्षी काढली, हे बरोबर नाही. मग कोणीतरी नाव सुचवलं, मालन-वळण. हृदयं आली, टाळ्या आल्या. रविवारी दुपारपर्यंत संघमित्राने आणि आणखी एकीने आपापल्या गोधडीत तसंच वळण घेतलं होतं. संघमित्राने तर त्यासाठी आपला सरळ जमलेला कोपरा उसवला.

"करा गो, करा," मालनताई म्हणाल्या. एवढंच.

मीही लिहिलं होतं. मी लिहिलं, सुंदर.

त्या क्षणी मला कळलं होतं का? कळलं होतं. अठ्ठावीस वर्षं कॉलर लावलेली बाई कोपरा चुकत नाही, आणि गंमत म्हणून फेरीवरून फेरी नेत नाही. पण सगळ्या खूश होत्या. त्यात मी एकटीने काय बोलायचं.

रविवारी मी माझी गोधडी बाजूला ठेवून त्यांच्या सुया बघत होते. सकाळी पाच उरल्या होत्या. जेवणाच्या आधी दोन. पावणेतीनला शेवटच्या सुईचा दोरा संपला. त्यांनी ती गादीवर टोचली, हात पुसला आणि म्हणाल्या, "झालं माझं. हात दुखता."

"तीन नाही वाजले अजून," दर्शना म्हणाली. "आम्हाला जेवायला उठू देत नव्हता तुम्ही."

"तेव्हा तू चोरून झोपायचीस म्हणून."

सगळ्या हसल्या. मालनताईंच्या चौकटीतले हात गेले. दोऱ्याचं रीळ कॅमेऱ्यासमोर पडून होतं, भरलेलं.

मी त्यांना वेगळा निरोप पाठवला. लिहून पाठवणार होते, पण वर सरकवत गेले तर दिसलं की चैत्रापासून त्यांनी एक अक्षर टाइप केलेलं नाही, सगळे आवाजातले निरोप. म्हणून मीही बोलले. मालनताई, तिसरा कोपरा मुद्दाम केलात का?

त्यांचं उत्तर वीस मिनिटांनी आलं. मागे कोणाचा तरी कुकर शिट्टी देत होता.

"नाय गो. चुकलाय तो. डोळ्यासमोर एक काळा दोरा फिरता. चार महिने झाले. वाटतं गोधडीवरच पडलाय, उचलूक जाते तर हाताक लागत नाय. डाव्या डोळ्यात आता दोन-तीन झालेत, मधलं धुरकट दिसता. सुया शेजारच्या राधाबाईची सून ओवून देते शुक्रवारी, बारा. संपल्या की संपल्या. तू कोणाक बोलू नको. मयूरला तर नकोच, तो येऊन घेऊन जाईल नाशकाला, खोलीला कुलूप. मग मी तिथे काय करू, सोफ्यावर बसू? बारशाक गोधडी होऊ दे. मगे बघू डॉक्टर. बरं आहे तसं."

मी तो निरोप दोनदा ऐकला. मग नाही सांगत, असं बोलून पाठवलं.

माझ्या आईलाही साखर होती. गिरगावातल्या आमच्या माहेरच्या खोलीत ती हवेत हात मारायची आणि म्हणायची, चिलटं फार झालीत. श्रेयाची दहावी होती त्या वर्षी. मी म्हटलं होतं, होईल बरं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की सहा महिने आधी आणायला हवं होतं, तेव्हा वाचवता आलं असतं. त्यानंतर आई नऊ वर्षं जगली, दाराच्या चौकटी चाचपत. डॉक्टर बोलले तेव्हा मला काय वाटलं ते मला आठवत नाही. त्यांच्या टेबलावर काचेचा पेपरवेट होता, हिरव्या रंगाचा, तो आठवतो.

मालनताई चार महिने म्हणतात. त्यात पुढचे पावणेदोन मिळवले की जवळपास सहा होतात.

संध्याकाळी श्रेयाचा फोन आला. मी नाव न घेता विचारलं, एखाद्याने गप्प राहायला सांगितलं तर राहावं का?

"आई, तुला दर आठवड्याला एक पेशंट लागतोच का गं? मागच्या आठवड्यात मी होते. या आठवड्यात कोण?"

"कोणी नाही."

"बरं, जी कोण असेल ती काय म्हणते?"

"बरं आहे म्हणते."

"मग झालं तर."

तिचंही चुकत नाही. ती जरा खोकली तरी मी तीन डॉक्टरांची नावं पाठवते, तिने माझं ऐकणं कधीच सोडलं आहे. माझ्या काळजीला आता कोणी मोजत नाही, मीसुद्धा नाही. म्हणून या काळजीलाही मी नेहमीच्याच ढिगात टाकलं होतं.

सहा वाजता दर्शनाने समारोप केला. मालनताई पुन्हा आल्या होत्या, हात मांडीवर. प्रत्येकीने आपलं काम कॅमेऱ्यापुढे धरलं. दर्शना म्हणाली, पुढच्या वेळी सगळ्यांनी मालन-वळण करायचं, मालनताई शिकवतील. वैदेही, तू सांग, तू त्यांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. कसं वाटलं वळण?

माझा माइक चालू होता. सगळे हात थांबले होते. मालनताईंचा उजवा हात मांडीवरून उठला, साडीवरून काहीतरी उचललं, बाजूला टाकलं.

"छानच," मी म्हटलं.

दोन दिवसांत मालनताईंना मी असं पाच-सहा वेळा तरी म्हटलं असेन. आठ वर्षांत त्यांनी मला एकदाही म्हटलेलं नाही. माझी पहिली गोधडी पुरी झाली तेव्हा त्यांनी ती उलटी केली, अस्तराकडून चारही कोपरे अंगठ्याने दाबून पाहिले आणि घडी घालून माझ्या हातात दिली. मी वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "अंथर आता." माझी वाकडी फेरी त्यांना बघवली नव्हती. त्यांची वाकडी फेरी आम्ही बाकी दहाजणींनी मिळून बघून घेतली, तिला नाव दिलं, आणि त्यांना त्या धुरकट डोळ्यांनिशी ती पुढे शिवायला बसवलं.

हे लिहून मला मोकळं वगैरे वाटलेलं नाही. हात गार आहेत, एवढंच.

चाळीत पावणेसहाला पाणी येतं. पिंप भरायला मालनताई साडेपाचलाच उठलेल्या असतात, आणि राधाबाईची सून तेव्हा अजून बाहेर आलेली नसते, ऐकायला कोणी नसतं. मी साडेपाचला फोन करणार आहे. निरोप नाही, फोन. डोळ्यांचं नंतर काढीन. आधी म्हणेन, मालनताई, तिसरा कोपरा उसवा. मग पुढचं सांगेन. नऊला टॅक्सी घेऊन खाली येते, आपण डोळे दाखवायला जायचं. संध्याकाळी मी तुमच्या शेजारी बसेन, सुया मी ओवीन, कोपरा आला की थांबा म्हणेन, गोधडी बारशाला होईल. मयूरला तुम्ही स्वतः सांगा, नाशकाला जायचं नाही हेही त्यातच सांगा. बुधवारपर्यंत नाही सांगितलंत तर मी सांगणार आहे, तुमच्या पाठीमागे नको म्हणून आत्ताच बोलून ठेवते.

त्या बरं आहे म्हणतील. नेहमी मी त्यावर फोन ठेवते. उद्या ठेवणार नाही.