गोठ्याचा कौल आणि बावीचं पाणी

माझं डोकं लहानपणापासून तापट. सासरी निघाले तेव्हा आईने बजावलं, "तोंडाला कुलूप लाव गो!" लावलं. किल्ली मात्र माझ्याचपाशी ठेवली.

हातखंब्याहून आत, डोंगराच्या उतारावर आमचं घर. विहिरीला आमच्याकडे बाव म्हणतात. आमच्या बावीचं पाणी म्हणजे सुख होतं हो! वैशाखातसुद्धा गार आणि गोड. पाहुणा आला की आधी तांब्याभर पाणी पिऊन "वा!" म्हणायचा, मग बसायचा. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्या "वा!"चा केवढा अभिमान! जसं काही पाणी त्यांनीच घरी कढवलं होतं.

एका वर्षी मामंजींनी नवा गोठा बांधायचं काढलं. असलं काही देवाला विचारल्याशिवाय आमच्याकडे होत नाही. गुरवाने देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "फणसाखाली गोठा बांधू का?" उजवी पाकळी पडली. उजवी म्हणजे देवाचा कौल, होकार. झालं! पावसाआधी गोठा उभा राहिला. फणस बावीच्या वरच्या अंगाला, हे सगळ्या घराला ठाऊक होतं, पण कौल मिळाल्यावर विचार कोण करतो?

श्रावणात बावीचं पाणी काठोकाठ आलं आणि माझ्या तीन वर्षांच्या लेकीचं पोट बिघडलं. वैद्यांची पुडी दिली की जरा बरं, दोन दिवसांनी परत तेच. पोरीचे नुसते डोळे उरले. नवरा मुंबईला नोकरीवर, बोलणार कुणाशी? कळशी ओढताना मला पाण्याला वास यायचा. आमची जमीन जांभ्या दगडाची, आणि जांभ्याला भोकं किती, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. वर गोठ्याच्या खड्ड्यातलं शेण-मूत खाली उतरायला कितीसा वेळ लागणार!

मग मी पोरीपुरतं लांबच्या झऱ्याचं पाणी आणायला लागले. तिने भात मागितला. अंगणात खेळली. एक दिवस सासूबाईंनी विसरून तिला बावीचं पाणी पाजलं, आणि पोर पुन्हा आडवी. माझी खात्री पटली आणि कुलूप तुटलं.

त्या काळी सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची सोय नव्हती. मी माजघरात दाराआड उभी राहिले आणि ओटीवर ऐकू जाईल अशा आवाजात सासूबाईंना म्हणाले, "गोठ्यातली घाण बावीत उतरतेय. तेच पाजतोय आपण पोरीला!"

ओटीवरून मामंजींचं उत्तर आलं, "देवाने उजवा कौल दिलाय म्हणावं."

"देवाला गोठ्याचं विचारलंत. बावीचं कुणी विचारलं?"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगो, तोंड आहे की तोफ!"

सकाळी मामंजींनी स्वतः कळशी ओढली. पाण्याची चूळ भरली, तोंडात धरली आणि थुंकली. खांद्यावर उपरणं टाकून मला एवढंच म्हणाले, "नातीला घे. देवाला विचारू."

डावी पाकळी पडली तर? गोठा तिथेच राहणार, आणि माझी पोर? देवाशी तर दाराआडूनही भांडता येत नाही.

गुरवाने पाकळ्या लावल्या, "गोठा हलवू का?" म्हणून गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या हलेनात. आम्ही उभेच. माझ्या खांद्यावर मान टाकलेली पोर कुजबुजली, "आजोबा, पाणी."

मामंजींनी तिच्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन पाषाणावरच्या पाकळ्या स्वतःच्या हाताने काढून घेतल्या. गुरव ओरडला, "अहो, हे काय भलतंच!"

मामंजींनी हात जोडले. "देवा, रागावू नकोस. तू नाही म्हणालास तरी मी गोठा हलवणारच आहे. मग उगाच तुला विचारून तुझा अपमान कशाला करू?"

त्याच दिवशी गुरं बावीच्या खालच्या अंगाला, घराच्या पडवीत आली. पाऊस सरेपर्यंत आमची पानं त्यांच्या शेजारीच मांडली जायची. भाताच्या वाफेबरोबर शेणाचा वास यायचा, पोर दुसऱ्यांदा भात मागायची आणि मला त्या वासाचा राग एकदाही आला नाही.