फ्रीजची आंघोळ

आमचा फ्रीज मी सांभाळते. सांभाळते म्हणजे त्यात भाज्या लावून ठेवते असं नव्हे, ते सगळेच करतात. मी त्याच्या मागे बसते. हातात स्क्रूड्रायव्हर, बाजूला जुनं फडकं, खाली पाट. मांडवीत राहायचं म्हणजे लोखंडाशी रोजचं भांडण. खारा वारा घरातल्या एकेका स्क्रूची चौकशी करून जातो. आमच्या फ्रीजचे पाय दोनदा गंजून गळाले. दुसऱ्या खेपेला मी त्याला लाकडी ठोकळ्यांवर उभा केला, खालच्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड फासला आणि त्याला बजावलं की आता नखरे नकोत. दाराचं रबर साबणाच्या पाण्याने पुसायचं, मग दारात कागदाची पट्टी धरून ओढून बघायची. सहज निघून आली की समजायचं, रबर सैल पडलं. सासूबाईंनी एकदा त्याच रबराला मायेने खोबरेल तेल लावलं होतं. ते फुगून असं वेडंवाकडं झालं की त्या मापाचं दुसरं मिळवायला मी सगळी रत्नागिरी पालथी घातली.

खरं सांगायचं तर मला ते आवडतं. पार्ट शोधायचा म्हटला की माझ्या अंगात येतं. "आता हा पार्ट येत नाही हो" असं दुकानदाराने म्हटलं की मला चेव चढतो. येत नाही म्हणजे काय? कुठेतरी, कुणाच्या तरी फळीवर, धूळ खात तो पडलेला असतोच. नवीन फ्रीज का घेत नाही, असं विचारणाऱ्यांशी मी फार बोलत नाही. चालती वस्तू बाहेर काढायची म्हणजे माझ्या डोक्यात तिडीक जाते.

पण गेल्या नवरात्रात जे झालं त्यात नुसता माझा हट्ट नव्हता. फ्रीजरमध्ये रस होता.

माझा नवरा जहाजावर फिटर आहे. त्याचं वेळापत्रकच असं की मे महिन्यात तो हमखास पाण्यावर असतो. रत्नागिरीचा माणूस आणि ऐन मोसमात आंबा नाही, याचं दुःख रत्नागिरीकरालाच कळेल. सासूबाईंचं माहेर केळशीचं. मे महिन्यात त्यांच्या भावाच्या बागेतल्या पेट्या येतात. त्या स्वतः बसून निवडून निवडून आंबे पिळतात, डबे भरतात आणि फ्रीजरमध्ये रचतात. तो आला की त्याला. आणि तोवर स्वतः आंब्याला शिवत नाहीत. आल्यागेल्याला फोडी करून द्यायच्या, बाठे कोकराला घालावेत तसे शेजारच्या पोरांपुढे टाकायचे, हात धुवायचे आणि मोकळं व्हायचं. नवस वगैरे केलाय का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "छे गो, मला आवडतच नाय येवढा." साफ खोटं! पेटी उघडली की त्या डोळे मिटून वास घेतात ते मी पाहिलंय. तो घरी आला, पहिली वाटी त्याने संपवली, की मग त्या आपली वाटी भरून घेतात. म्हणजे तो रस हाच त्या मायलेकांचा वर्षाचा आंबा. रस गेला की त्यांचं आंब्याचं वर्ष गेलं.

या वेळी तो कोजागिरीच्या सुमाराला उतरणार होता. साइन ऑफचं, म्हणजे बोटीवरून सुटण्याचं, जवळजवळ पक्कं झालं होतं आणि घरात आत्तापासूनच लगबग होती.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा असते. तलवारी कुठून आणणार? कोयता, विळी, पाटा, शिवणाचं मशीन, मिक्सर, माझी स्कूटर, सगळ्यांना आंघोळ, हळदकुंकू, झेंडूची माळ. जे जे वर्षभर आपल्यासाठी राबलं त्याला त्या दिवशी सुट्टी आणि मान. फ्रीजला दरवर्षी ओल्या फडक्यावर भागवायचो. पण या वेळी आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "लेक येतोय. त्याचा रस सांभाळतो तो. त्याला नीट आंघोळ नको?"

मला तर निमित्तच हवं होतं. मागच्या जाळीवर मिठाची आणि धुळीची अशी पुटं चढली होती की हात लावला की हात काळा. डबे काढून गोधडीत गुंडाळले, फ्रीज मागच्या पडवीत ओढला आणि लावला पाइप. तांबडं पाणी वाहायला लागलं! आई वरून तांब्या ओतत होत्या, मी खालून ब्रश मारत होते, दोघी चिंब. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पुसला, थोडा वेळ वाऱ्यावर ठेवला, जागेवर नेला, डबे आत लावले, माळ घातली, कुंकू लावलं. पिन घातली तसा आतला दिवा लागला. दोघींनी हात जोडले.

दुपारी स्वयंपाकघरात गेले तर "टक्" असा आवाज. थोडी घरघर. पुन्हा "टक्". मग शांत. मागे जाऊन कॉम्प्रेसरला हात लावला. त्याच्या अंगात चालल्याची काही खूण नव्हती. दिवा लागतोय म्हणून फ्रीज चाललाय, असं आम्ही दोघी शहाण्या धरून बसलो होतो.

पिन काढली. कॉम्प्रेसरच्या कुशीत एक प्लॅस्टिकची डबी असते, तिच्यात रिले. कॉम्प्रेसरला सुरू होताना पहिला धक्का देणारा तो हाच. झाकण काढलं तर आत पाणी. रिले उपटला आणि कानाशी हलवला. खुळखुळ. आतली चकती फुटलेली.

"काय म्हणतो?" आईंनी विचारलं.

"मेला."

"अगो, सणाचं असं बोलू नये!" असं म्हणून त्या तिथेच पाटावर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि रस?"

नेहमीच्या मेकॅनिकला फोन केला. तो गावी देवीला गेलेला. दसरा झाला की येतो म्हणाला. नवऱ्याला कळवावं तर आईंनी हाताने खूण करून बजावलं, त्याला नको सांगू, तिथे उगाच जिवाला घोर. मी म्हटलं ठीक आहे, बघतेच आता.

शेजारच्यांच्या फ्रीजरमध्ये जागा होती, पण सुरमईच्या शेजारी. आई म्हणाल्या, रस ओतून देईन पण तिथे ठेवणार नाही. मी एक कोरी थर्माकोलची पेटी पैदा केली, स्कूटरला बांधली आणि थेट मिरकरवाड्याच्या बंदरावर, बर्फवाल्याकडे.

"वयनी, मासळी कुठली?" त्याने विचारलं.

"आंबा!"

तो फावडं टेकून बघतच राहिला. "आता आंबा? नवरात्रात?"

"घोव येतोय बोटीवरनं," मी म्हटलं. नवरा येतोय म्हटल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही. त्याने पेटी गच्च भरली, वर जाडं मीठ टाकलं आणि म्हणाला, असाच मिठासकट ठेवा, लवकर विरघळला तरी थंडी जास्त धरतो. डबे प्लॅस्टिकमध्ये बांधून आम्ही त्या बर्फात पुरले. आईंनी पेटीलाही हळदकुंकू लावलं.

दसऱ्याच्या सकाळी मी शिकारीला निघाले. नवीन ड्रेस, पर्समध्ये आपट्याची पानं, स्क्रूड्रायव्हर आणि रुमालात गुंडाळलेला मेलेला रिले. स्पेअरच्या एका दुकानाला कुलूप. दुसऱ्याने खोका पुढे केला. त्यातले रिले नव्या कॉम्प्रेसरचे, आमच्या तीन पिनांची मांडणीच वेगळी. "हा आता येत नाही हो." तेच वाक्य! मला चेव चढला, पण घरी बर्फ विरघळत होता.

शेवटी मारुती मंदिराजवळच्या मोठ्या शोरूममध्ये घुसले. दसऱ्याचा दिवस. माणसांची ही गर्दी, पेढे, माळा घातलेले फ्रीज टेम्पोत चढतायत. मी रिले पुढे केला तसा मालक हसायलाच लागला.

"वयनी, दसरा आहे. नवीन न्या की. एक्स्चेंजमध्ये जुना कसलाही घेतो मी. बंद असला तरी घेतो."

असा राग आला होता की उलट बोलणारच होते. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. जुना कसलाही घेतो?

"घेता तो ठेवता कुठे?" मी विचारलं.

"मागं. पत्र्याखाली."

मी पुढचं काही ऐकायलाही न थांबता मागे पळाले. आणि काय सांगू! पत्र्याखाली रांगच होती. लाल, निळे, पांढरे, एकदारी, दोनदारी, सगळी रत्नागिरी आपले जुने फ्रीज त्याच सकाळी देऊन गेली होती. काहींवर आदल्या दिवशीचं कुंकू तसंच होतं. काल ओवाळलं आणि आज काढलं बाहेर! एरवी मी त्या सगळ्या लोकांना नावं ठेवत बसले असते, पण त्या दिवशी मला ती माणसं फार थोर वाटली.

एकेकाच्या मागे वाकत गेले. हा नव्हे, हाही नव्हे. भिंतीकडच्या पांढऱ्याच्या कॉम्प्रेसरवरची पट्टी ओढणीने पुसली आणि मी ओरडलेच. तोच नंबर! नवीन ड्रेसची पर्वा न करता धुळीत फतकल मारली. मालक मागून आला तोवर डबी उघडून रिले माझ्या हातात होता. कानाशी धरून हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला. नाहीच!

"नेऊ?"

"न्या की. भंगारातच जायचाय तो," मालक म्हणाला. "पण तुम्ही वयनी हे सगळं..."

"ओव्हरलोडही नेते," कॉम्प्रेसर तापला की वीज तोडणाऱ्या बारक्या टिकलीकडे बोट दाखवत मी म्हटलं. "आणि दाराचं रबर." मिळतंय तर सोडा कशाला? रबर खाचेतून ओढून काढून गळ्यात घातलं. निघताना पर्समधलं आपट्याचं एक पान काढून त्या फ्रीजच्या डोक्यावर ठेवलं. एवढं देणाऱ्याला सोनं द्यायला नको?

घरी आई दारातच उभ्या. काही न विचारता त्यांनी पाट मांडला. डबी मी आधीच पुसून, रात्रभर उघडी ठेवून वाळवली होती. रिले पिनांवर दाबून बसवला, ओव्हरलोड लावला, तारा जोडल्या, झाकण अडकवलं. "घाला पिन," म्हटलं.

टक् नाही. गुर्रर्र... आणि ती गुरगुर थांबेना. मी कॉम्प्रेसरवर हात ठेवून बसले, हाताला कंप लागत होता. आईंनी फ्रीजच्या अंगाला कान लावला.

"चालला गो!" त्या किंचाळल्या. "चालला!" आणि डबा उघडून त्यांनी आधी माझ्या तोंडात साखर कोंबली, मग स्वतःच्या. फ्रीजर गार झाल्यावर डबे काढून बघितले. कडा मऊ, मधोमध दगड. रस वाचला होता. मी त्या दिवशी इतकी खूश होते की रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाचाही फ्रीज फुकट दुरुस्त करून दिला असता.

कोजागिरीला संध्याकाळी दूध आटत ठेवलं होतं तेव्हा त्याचा व्हिडिओ कॉल आला. चेहऱ्यावरूनच मला कळलं. त्याच्या जागी येणारा माणूस आला नव्हता. जहाज पुढच्या फेरीला निघालं होतं. आता एकदम नवीन वर्षात.

वितळवायला बाहेर काढलेला डबा आईंनी उचलला. "ठेव गो परत आत."

मग मला राहवलं नाही. आंघोळीपासून बर्फापर्यंत आणि पत्र्याखालच्या रांगेपर्यंत सगळं मी त्याला सांगून टाकलं. तो हसला, थक्क झाला, मग म्हणाला, "आई, खाऊन टाक तू रस. एवढं करून वाचवलाय तिने."

"नाय. तू आल्यावर."

"अगं, बायकोने पूजेत हाताला हात लावला की नवऱ्याचं पुण्य तिला मिळतं ना? मग हे उलटं धर. हिने मेमध्ये खाल्ला म्हणजे मी खाल्ला. झालं?"

"हिनं?" आई म्हणाल्या. "हिनं कधी खाल्लान? लगीन होऊन आली त्या वर्षापास्नं बघतंय मी. सगळ्यांना फोडी करून देते नि साली टाकायला म्हणून उठते. मला काय दिसत नाय?"

मी काहीतरी बोलायला गेले. चोरी पकडली गेल्यासारखा राग आला मला, आणि डोळे भरून आले. इतकी वर्षं ही बाई समोर बसून बघत होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती.

"मला नव्हतं माहीत," तो म्हणाला.

"तुला काय माहीत असतं?" आईंनी डब्याचं झाकण काढलं, चमच्याने वरचा थर फोडला आणि चमचा माझ्या तोंडाशी आणला. "आ कर."

"आधी तुम्ही."

"आधी तू. तू खाल्लंस म्हणजे त्यानं खाल्लान. मग मी मोकळी."

मी तोंड उघडलं. दात शिवशिवले. आईंनी तोच चमचा परत डब्यात बुडवला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

"गोड आहे का?" त्याने तिकडून विचारलं.

आईंनी पुन्हा चमचा भरला आणि माझ्या तोंडाशी आणला.