जिपारकुलच्या वर्गातला चौथा कायदा

जिपारकुल आमच्या अत-बाशी गावच्या शाळेत साहित्य शिकवते. मी गणित शिकवते. दोन वर्गांच्या मधली भिंत इतकी पातळ की तिच्याकडची कविता माझ्याकडच्या समीकरणात घुसते. त्यामुळे तिच्या वर्गात काय चालतं ते मला बहुतेक वेळा तिच्या नवऱ्याच्या आधी कळतं.

सदतिसाव्या वर्षीही ती किरकोळ अंगाची आहे. आवाज खालचा, कधी चढत नाही. मुलं तिला घाबरत नाहीत, पण तिच्या तासाला खिडकीबाहेर बघत नाहीत. नवरा तालायबेक जनावरांचा डॉक्टर. पुलाजवळ घर, दोन मुलगे. गावात विचारलंत तर कोणीही इतकंच सांगेल. दोन मुलगे. तिसरं, म्हणजे खरं तर पहिलं मूल तिच्या नावावर कोणी मोजत नाही.

ते मूल म्हणजे अकमारल. जिपारकुल तेव्हा एकवीस वर्षांची होती, नारिन शहरात शिक्षिकेचा अभ्यासक्रम करत होती. बाळाला चाळीस दिवस झाले तशी सासू, कालिपा-आपा, नवी शाल घेऊन आली. शाल सुनेच्या खांद्यावर घातली आणि बाळ आपल्या रजईत गुंडाळलं. "तू शिक, हिचं मी बघते," म्हणाली. यात कोणाला वावगं वाटलं नाही. आमच्याकडे पहिलं नातवंड आजी-आजोबांचं असतं. म्हातारं घर उबदार राहतं आणि तरुण जोडपं मोकळं. जिपारकुलनं छातीला कापड आवळून बांधलं आणि आठवड्याभरात परीक्षेला बसली. सासूनं सुनेला शिकवलं असं लोक कौतुकानं म्हणतात. ते खोटंही नाही.

कालिपाला सगळेच मानानं आपा म्हणतात, अकमारल मात्र आई या अर्थानं. जिपारकुलला ती घरगुती कार्यात 'वहिनी' म्हणते आणि शाळेत 'बाई'. दोन घरांमध्ये चार गल्ल्यांचं अंतर आहे.

या वर्षी दहावीत अकमारल जिपारकुलच्याच वर्गात आली. फेब्रुवारीत कालिपा-आपा बर्फावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ती काठी धरून चालायला लागली तसा तिचा धाकटा मुलगा एर्मेक राजधानीहून, बिश्केकहून आला. रीतीप्रमाणे आईबाप धाकट्याकडे. शाळा संपली की जूनमध्ये आईला आपल्या फ्लॅटवर नेणार, असं त्यानं जाहीर केलं. अकमारलचं काय, हे कोणी बोललं नाही. ती आपाबरोबर जाईल नाहीतर पुलाजवळच्या घरी येईल. जिपारकुलनं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "आईला विचार." ती म्हणाली, "तुमची आई आहे." तो म्हणाला, "तुझी मुलगी आहे." आणि कोणाच्या घोड्याला सुई टोचायला निघून गेला.

हे तिनं मला शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. "ताई, दिलेलं मूल परत मागत नाहीत. पण ते आपणहून आलं तर?" असं म्हणताना तिच्या तोंडावर जे आलं, ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. सोळा वर्षांत तिला पहिल्यांदा काहीतरी हवं होतं आणि ते लपवायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

एप्रिलमध्ये तिचा खुला तास होता. जिल्ह्याहून तपासणीची बाई येते, मागच्या बाकांवर पालक बसतात, मुख्याध्यापक टाय लावतात. जिपारकुलनं त्यासाठी एक परदेशी कादंबरी निवडली. तिच्यातल्या शहरात दर वसंतात यादी लागते आणि सगळ्या मुलांची घरं बदलतात. कोणी कोणाला 'माझं' म्हणू नये म्हणून. आया सही करतात, पावती घेतात आणि नवीन मूल घेऊन घरी जातात. पुस्तक वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. जिपारकुलचा बेत असा होता की आधी मुलांनी हे भयंकर शहर ओळखायचं, मग गटागटानं आपलं आदर्श गाव आखायचं. नकाशा आणि पाच कायदे, मोठ्या कागदावर.

पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडून हसण्याचा लोट आला. मी खडू ठेवला.

"बाई, यात भयंकर काय आहे?" हा बायसलचा आवाज, वर्गातला वाचाळ. "त्यांच्याकडे निदान यादी तरी लागते. आमच्याकडे आजी येते आणि उचलून नेते!"

"आणि पावती पण देत नाही!" दुसरं कोणी.

"माझा सख्खा भाऊ काकाकडे दिलाय. आता फुटबॉलमध्ये मला म्हणतो, ए पाहुण्या, चेंडू दे."

जिपारकुलनं विचारलं, "किती जणांच्या घरातलं मूल असं दिलेलं आहे? हात वर करा." तेवीसपैकी अकरा हात वर झाले. हे तिनं मला नंतर सांगितलं, आणि हेही की बारावा हात वर व्हायला हवा होता तो अकमारलनं बाकाखाली धरून ठेवला होता.

"तुला हे आधी दिसलं नाही?" मी विचारलं. "सगळ्या जगातलं नेमकं हेच पुस्तक?"

"शपथ घेते ताई, मला ते परक्या देशातलं वाटलं."

माझा विश्वास बसला. शहाणी माणसं स्वतःच्या घराबाबत अशीच आंधळी असतात.

पुस्तक बदल, असं मी सुचवलं. ती नको म्हणाली.

खुल्या तासाला कालिपा-आपा काठी टेकत आली. अकमारल तिला धरून होती. म्हाताऱ्या माणसाला दाराजवळ बसवता येत नाही, म्हणून तपासणीच्या बाईला उठवून आपाला खिडकीजवळची गादीची खुर्ची दिली. मी माझा वर्ग शिपायाच्या हवाली करून मागे उभी राहिले.

पहिल्या गटाच्या गावात उन्हाळी कुरणांवर इंटरनेट होतं आणि परीक्षा नव्हत्या. दुसऱ्या गटाच्या गावात लग्नाला शंभराच्या वर पाहुणे बोलावले तर उरलेल्यांची भांडी वरबापानं स्वतः घासायची. सगळे मुख्याध्यापकांकडे बघून हसले. गेल्या शरदात त्यांच्या मुलाच्या लग्नाला पाचशे पान उठलं होतं. ते टाय सैल करत म्हणाले, "हा कायदा मागच्या तारखेपासून लागू नाही ना?"

तिसरा गट अकमारलचा. तिनं कागद फळ्याला लावला. नदी, पूल, घरं, नीट रंगवलेली. पहिले तीन कायदे पाणी, कोळसा आणि कुत्र्यांबद्दल होते.

"कायदा चौथा," ती वाचू लागली. "मूल कोणाकडेही वाढवायला द्यावं. पण ते बारा वर्षांचं झालं की त्याला विचारावं, तुला कोणाच्या घरी राहायचं आहे. त्याच्या उत्तरावर कोणीही रागवायचं नाही."

वर्गात कोणी हसलं नाही. जिपारकुल म्हणाली, "छान. पाचवा?"

"थांब जरा," कालिपा-आपा म्हणाली.

खुल्या तासाला पाहुण्यांनी बोलायचं नसतं. तपासणीच्या बाईनं वहीतून मान वर केली, पण सत्तरीच्या बाईला गप्प कर म्हणणारं तोंड आमच्या गावात नाही.

"कायदा बरा केलाय पोरीनं," आपा म्हणाली. "मग विचारा की. ती सोळाची झाली, चार वर्षं उशीरच झालाय. मी इथे बसलेय, तू तिथे उभी आहेस. विचार."

जिपारकुलला सुटता आलं असतं. हा फक्त अभ्यास आहे, आपा, असं म्हणून पुढच्या गटाला बोलावलं असतं तर सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता, मी धरून. पण तिला ते हवं होतं. सोळा वर्षं कोणीतरी विचारावं, एवढंच तर हवं होतं.

"अकमारल," ती तिच्या नेहमीच्या खालच्या आवाजात म्हणाली, "तुला कोणाच्या घरी राहायचं आहे?"

"आपाकडे."

"कारण सांग," आपा म्हणाली. "नुसत्या उत्तराला मार्क नसतात."

अकमारल कागदाच्या कोपऱ्याची टाचणी दाबत राहिली. "आपा माझ्याशिवाय राहू शकत नाही," ती म्हणाली. "वहिनी राहू शकतात. राहिल्यात."

त्यात कडवटपणा नव्हता. बेरीज सांगावी तसं तिनं सांगितलं.

"पाचवा कायदा वाच," जिपारकुल म्हणाली. मुलीनं वाचला. तो काय होता ते मला आज आठवत नाही. तास वेळेवर संपला. तपासणीच्या बाईनं 'उत्कृष्ट' लिहिलं आणि पुढे 'धड्याची जीवनाशी सांगड' असंही.

नंतर जिपारकुल फळा पुसत होती. स्वच्छ झालेला फळाही पुसतच होती.

"राहू शकतात, म्हणाली," ती म्हणाली. "कोणी सांगितलं तिला असं?"

मला गोड बोलता आलं असतं. "तूच," मी म्हटलं. "सोळा वर्षं तूच दाखवत आलीस. ती रस्त्यात भेटली की तू गृहपाठ विचारायचीस."

तिनं फडकं बादलीत टाकलं. "माझ्याबरोबर आपाकडे चला. एकटी गेले तर भांडी घासून परत येईन."

कालिपा-आपा चुलीपाशी पाय लांब करून बसली होती. अकमारल गायीसाठी पाणी आणायला गेली होती. जिपारकुल उंबऱ्याशी बसत असे, त्या दिवशी ती सासूच्या समोर बसली.

"न्यायला आलीस का मागायला?" आपानं विचारलं.

"मागायला. तेव्हा मागितली नाही. रडलेही नाही."

"रडली असतीस तरी दिली नसती. खोटं कशाला बोलू? माझा तालायबेक माझ्या सासूनं नेला, तेव्हा मी तीन दिवस रडले. काय झालं? सासू म्हणाली, दूध आटेल आपोआप, गप्प बस." आपानं काठीनं कोळसा सारला. "अजून तो मला पाहुण्यासारखं विचारतो, बरं आहे ना, काही हवं का. सख्खा मुलगा. मग मी म्हटलं, मला पण एक मिळायला हवं ना."

जिपारकुल तिच्याकडे जरा सरकली. मग म्हणाली, "तुम्ही दोघी माझ्याकडे चला."

"धाकटा असताना थोरल्याकडे? लोक एर्मेकच्या तोंडात शेण घालतील."

"एर्मेकचं घर पाचव्या मजल्यावर आहे. या पायानं चढणार?"

"लिफ्ट आहे म्हणतो."

"असते. चालत नाही."

आपा हसली नाही, पण ओठ हलले. "तुझ्या हातचं मला बेचव लागतं."

"माहीत आहे."

"आणि पोरगी माझ्याच खोलीत झोपेल. माझीच राहील. तिनं तुला आई म्हणावं अशी आशा धरून नेत असशील, तर आत्ताच सांग."

मला वाटलं, आता जिपारकुल उठेल. ती म्हणाली, "नाही. घरात असू दे, बस."

एर्मेकनं तीन महिने भावाला फोन केला नाही. तालायबेक मात्र, ज्यानं कशातच तोंड घातलं नव्हतं, त्यानं आईसाठी न्हाणीघरात पकडायचा लोखंडी दांडा बसवला, दोनदा मोजून. जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही चारपाच घरच्या बायांनी मिळून सामान हलवलं. गाद्या, रजया, लोखंडी पेटी, गाय. संध्याकाळी आमच्यासाठी पुलाव झाला. आपानं एक घास घेऊन माझ्याकडे बघितलं. "बघितलंस?" म्हणाली, "बेचव." आणि ताट संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विसरलेली चाळण द्यायला गेले. दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, जमिनीवर पसरलेलं होतं. आपा मानाच्या जागी उशीला टेकून, दोन्ही मुलगे ब्रेडवर साय फासत, तालायबेक बूट घालून तयार. रोज जिपारकुल दाराशी बसून चहा ओतते ती जागा आज रिकामी नव्हती, तिथे अकमारल बसली होती, किटली पुढ्यात घेऊन. मुलगी घरात असली की सुनेनं चहा ओतायचा नसतो, ती रीत. जिपारकुल हात मांडीवर ठेवून बसली होती. त्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं.

अकमारलनं आपाची चहाची वाटी भरली, न विचारता. मग बापाची, मग मला बसवून माझी. जिपारकुलची वाटी हातात घेतली, दुधाचं भांडं उचललं आणि ती थांबली.

"वहिनी, तुम्ही दूध किती घेता?"

बोलली ती आपाच. ब्रेड मोडता मोडता, वर न बघता.

"थोडंसंच घाल," ती म्हणाली. "कडक लागतो तिला. बाळंतपणात पण तसाच प्यायची."

अकमारलनं थोडंसंच घातलं आणि वाटी दोन्ही हातांनी पुढे केली.