इंजिनाला लावलेला कान

कित्येक वर्षं शेडमध्ये गंजत पडलेली बाबांची मोटारसायकल आज एका किकमध्ये सुरू झाली, आणि मला स्वतःचाच संताप आला आहे.

तिचा कार्बोरेटर मी टूथब्रशने घासला. दुरुस्तीच्या दिवसांत इंजिन कसंबसं चालायचं, ठोका जरा चुकला की टाकीला कान लावून तासन्‌तास ऐकत बसायचो. पक्षाघातानंतर बाबांचे शब्दही असेच अडखळतात. तिथे मात्र मी "कळलं, कळलं" म्हणून उठतो. कळलेलं काहीच नसतं. यंत्राला वेळ दिला की चार लोक कौतुक करतात. म्हाताऱ्याला दिलेला वेळ बघायला कोण येणार, हा माझा हिशेब. लाज वाटते लिहायला.

आज शेजारी जमले. बाबांनी बघावं म्हणून त्यांची खुर्ची मीच अंगणात आणली होती. त्यांचे ओठ हलत होते.

"काका खूश झाले बघा," कुणीतरी म्हणालं. मीही मान डोलावली.

"त्यांना विचारा तरी," बायको फणकारली. "इंजिनाला बरा कान लावता."

मी गाडी बंद केली, बाबांपुढे उकिडवा बसलो आणि शब्द पुरा होईपर्यंत थांबलो.

"ऊन," ते म्हणाले. "ऊन... लागतंय रे. केव्हाचं."