झुल्मिराचा उलटा संत

माझा शेजारी ओदिलोन एकाच टाकीत तीन जातींचे वाळू उकरणारे मासे पाळायचा. त्याचा नियम एकच होता. तळाला चार बोटं बारीक वाळू हवी. वाळू उपसण्यात गुंतले की मासे भांडण विसरतात.

त्याची बहीण झुल्मिरा पन्नाशीची, बिनलग्नाची. आमच्या बार्सेलोस गावात नवरा हवा असलेली बाई लग्नं जुळवणाऱ्या संत अंतोनियोची मूर्ती पाण्यात उलटी ठेवते आणि लग्न झाल्यावरच सरळ करते. बाकीच्या बायकांना पेला पुरतो. झुल्मिराचा संत वीतभर उंच, म्हणून तिनं तो टाकीतल्या वाळूत डोक्यावर रोवला. सकाळी माशांनी त्याला उकरून आडवा पाडला होता.

"दादा, तुझे हे राक्षस माझं लग्न मोडतायत!"

"मोडायला आधी ठरलंय कुठं?"

मग तिनं वाळू वाढवायचं ठरवलं. मी बंदरावर चाळीस वर्षं हमाली केलेला विधुर, म्हणून नदीवरून बादल्या आणायचं काम माझ्याकडे आलं. वाळू चाळायची, सात पाण्यांनी धुवायची, मगच ओतायची. सहा बादल्या झाल्या, तरी संत रोज आडवाच.

सातवी बादली मी दारातच टेकवली.

"झुल्मिराबाई, नवरा मिळाला की हे थांबेल ना?"

"थांबेल की."

"मग मीच होतो नवरा. पाठ गेली माझी."

तिनं मला खालीवर न्याहाळलं. "आधी ही बादली ओता."

जूनमध्ये लग्न झालं. संताला सरळ करताना तिनं त्याचे आभार मानले, ओदिलोननं माशांचे. वाळू कोणी वाहिली, ते कुणी विचारलं नाही.