बोरन्हाणाला पक्ष्यांची लेन्स

"फोटो झकास आहेत हो, पण एकातही माणूस कसा नाही?"

माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी कुजबुजलं. मी मान वळवली नाही. माणूस नाही, हे खरंच होतं. माणूस फ्रेममध्ये आला की बोलायला लागतो आणि तो बोलायला लागला की उत्तर द्यावं लागतं. म्हणून मी पक्षी, डोंगर आणि जहाजं यांचे फोटो काढते. (जहाजं भोंगा वाजवतात, पण उत्तराची अपेक्षा ठेवत नाहीत.)

दुबईतल्या आमच्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू चालू होतं. यंदा कार्यक्रमात 'आमचे छंद' असा एक भाग होता आणि बाबाने मला न विचारता त्यात माझं नाव दिलं होतं. वर्ष संपलं की मी त्या वर्षातले माझे आवडते बारा फोटो निवडते आणि लॅपटॉपमध्ये जपून ठेवते. ते आजवर फक्त आईने पाहिले होते. ती प्रत्येक फोटो नीट न्याहाळते आणि विचारते, "यात तू कुठेयस?"

आता ते बारा फोटो हॉलच्या पडद्यावर भिंतीएवढे होऊन उभे होते आणि माझ्या हातात माइक होता. मराठीत बोलायचं म्हटलं की मी आधी वाक्य मनात इंग्रजीत तयार करते, मग ते मराठीत आणते, मग एकदा तपासते. एवढं होईपर्यंत समोरची माणसं सहसा घरी गेलेली असतात. मी पडद्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि पहिल्या रांगेत बसलेल्या बाबाच्या हातात माइक दिला.

"बाबा, तू बोल."

या सगळ्या प्रकरणात माझं योगदान एवढंच. पण ते भरीव होतं!

बाबा दुबईच्या देरा भागात एका शिपिंग कंपनीत आहे. दिवसभर फोनवर जहाजवाल्यांशी बोलून त्याचा आवाज असा तयार झालाय, की त्याला खरं तर माइकचीही गरज नाही, फोनचीही नाही. तो थेट पडद्यापाशी जाऊन उभा राहिला.

पहिला फोटो. रास अल खोरच्या उथळ पाण्यात एका पायावर उभा फ्लेमिंगो. या एका फोटोसाठी मी चार रविवार घालवले होते.

"हे बघा, इथे पार्किंगची भानगड नाही," बाबा म्हणाला. "पण सकाळी लवकर जायचं. नाहीतर सावली मिळत नाही."

दुसरा फोटो. हत्ताचे डोंगर, एकामागे एक, शेवटचा जवळजवळ आभाळात विरघळलेला.

"इथे आमची गाडी रुतली! तिघे पठाण धावत आले. म्हणाले, यल्ला, यल्ला, बैठो अंदर! एका धक्क्यात गाडी बाहेर! खलास!"

हॉलमध्ये हशा. तिसरा फोटो फुजैराचा. पहाटेच्या समुद्रात नांगर टाकून उभी असलेली तेलाची जहाजं.

"आणि इथे आम्ही थालीपिठं खाल्ली. गार झाली होती, पण त्या हवेत काय लागली म्हणता!"

बारा फोटो संपेपर्यंत लोक खुर्चीतून पुढे सरकले होते. माझ्या प्रकाशाबद्दल, माझ्या संयमाबद्दल एक अक्षर नाही, आणि टाळ्या मात्र थांबेनात! कार्यक्रम संपताच मंडळाच्या सेक्रेटरी नाडकर्णी काकू तिळगूळ घेऊन लगबगीने आल्या.

"अविनाशराव, काय नजर आहे हो तुम्हाला!"

"छे छे वहिनी," बाबा हात जोडून म्हणाला, "नजर कसली? जातो आपले शनिवार-रविवारी."

मी शेजारीच उभी होते. 'काकू, नजर माझी आहे,' हे वाक्य मी मनात तयार करायला घेतलं. ते उद्धट वाटेल म्हणून बदललं. बदललेलं फार नम्र वाटलं म्हणून पुन्हा बदललं. तेवढ्यात त्या दोघांनी दोन गोष्टी पक्क्या करून टाकल्या. एक म्हणजे, मंडळाच्या पाडव्याच्या कॅलेंडरवर यंदा हे बारा फोटो. दुसरी, येत्या शनिवारी काकूंच्या नातवाचं बोरन्हाण आणि त्याचे फोटो काढणार अविनाशराव.

गाडीत बसल्यावर मी आईला म्हटलं, "आई, त्यांना वाटतंय फोटो बाबाने काढलेत."

"मग सांग ना त्यांना."

"तू सांग."

"फोटो तू काढलेस. मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"काय सांगायचंय कोणाला?" बाबाने आरशातून विचारलं.

"कॅलेंडरवर तुझं नाव येणारे, बाबा. छायाचित्रं, अविनाश देसाई."

"देसाईच लिहिणारेत ना? मग काय, घरातच राहतंय की!"

"आणि बोरन्हाण?"

"अगं, एवढ्या प्रेमाने म्हणाल्या, नाही कसं म्हणायचं? कॅमेरा आपलाच आहे. बटण एकच आहे."

मी त्याच रात्री ठरवलं. नाव छापून यायच्या आत काकूंना सांगायचं. शनिवारी, बोरन्हाणाच्या वेळी, जरा बाजूला घेऊन. आठवडाभर खपून वाक्यही बेतलं. 'काकू, कॅलेंडरच्या बाबतीत एक छोटीशी दुरुस्ती होती.' नम्र, स्पष्ट, कोणाला न दुखवणारं. आरशासमोर उभी राहून मी ते इतक्यांदा म्हटलं, की आईला पाठ झालं.

शनिवारी निघताना पाहिलं तर बाबाच्या गळ्यात माझा कॅमेरा आणि कॅमेऱ्याला माझी मोठी लेन्स. ही लेन्स हाताच्या कोपरापर्यंत लांब आहे. ती दूरच्या पक्ष्यांसाठी असते. समोरचा प्राणी आठ-दहा फुटांच्या आत आला तर ती त्याला ओळख दाखवत नाही. (या बाबतीत ती माझ्यावर गेलीय.)

"बाबा, ही पक्ष्यांची आहे. छोटी लेन्स घे, ड्रॉवरमध्ये आहे."

"ती? वाटीएवढी? लोक काय म्हणतील? आणि पोरगं तरी केवढंय, चिमणीएवढंच तर आहे!"

काकूंचं घर आमच्यासारखंच करामा भागात, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. जुनी तीन मजली बिल्डिंग, दुसऱ्या मजल्यावर लहानसा फ्लॅट. हॉलमध्ये सोफा, शोकेस, पंधरा बायका, त्यांची मुलं आणि मधोमध पाटावर काकूंचा नातू विहान. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार. मुकुट सारखा डोळ्यांवर घसरत होता आणि हार तो शांतपणे खात होता.

मी काकूंजवळ गेले. "काकू, कॅलेंडरच्या..."

"थांब हं बाळा, आधी औक्षण."

काकूंची सून श्वेता वहिनी हिने औक्षण केलं. बाबाने कॅमेरा डोळ्याला लावला. कॅमेऱ्यातून नुसती घरघर ऐकू आली.

"काहीच स्पष्ट दिसत नाहीये," बाबा म्हणाला आणि एक पाऊल मागे गेला. घरघर. आणखी एक पाऊल. शोकेसमधली काचेची बदकं एकमेकांवर आपटली.

"अहो, जपून!" आई.

"मला जागा हवी, जागा!"

बाबा स्वयंपाकघरात शिरला. गुळाच्या पोळ्या करणाऱ्या बाई तव्यासकट बाजूला झाल्या. ओट्याला पाठ लावून त्याने पुन्हा नेम धरला. "आता दिसतंय! पण नुसतं नाक दिसतंय! वहिनी, हे नाक तुमचं आहे का?"

"माझं असणार," काकू म्हणाल्या. "नथ आहे का त्याला?"

"आहे!"

"मग माझंच."

"मग जरा ते बाजूला घ्या!"

इकडे बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि चॉकलेटं यांचं पहिलं माप विहानच्या डोक्यावरून ओतलं गेलं. मुलांनी झडप घातली. "आजी, इज धिस अ ग्रेप?" एकाने बोर दाखवून विचारलं. तोवर बाबा दारातून बाहेर, पॅसेजमध्ये. तिथून लिफ्टपाशी. लिफ्टचं दार उघडलं. आतल्या गृहस्थांनी हातातली भाजीची पिशवी छातीशी धरून, आपल्यावर रोखलेल्या त्या नळीकडे पाहत विचारलं, "शादी है क्या?"

"नहीं, छोटा बच्चा है!" असं म्हणत बाबा मागच्या मागे लिफ्टमध्ये गेला. दार बंद झालं. फोटोग्राफर खाली गेला.

आम्ही वाट पाहिली. श्वेता वहिनी मोबाईलवर फोटो काढत होती, ते भराभर येतही होते; पण काकूंचं तिकडे लक्ष नव्हतं. "खरे फोटो अविनाशराव काढतायत," त्या सगळ्यांना सांगत होत्या. मी पुन्हा जवळ गेले. "काकू, एक छोटीशी..." तेवढ्यात आईचा फोन वाजला. आईने तो स्पीकरवर टाकला.

"गॅलरीत या!" बाबाचा आवाज. "समोर बघा!"

मधे गल्ली, आणि गल्लीपलीकडच्या बिल्डिंगच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या दोन लुंग्यांच्या मधे, बाबा! शेजारी त्याच्या ऑफिसातले पिल्लई अंकल बनियनवर उभे राहून हात हलवत होते.

"इथून एकदम क्लिअर!" बाबा फोनवर ओरडत होता. "बाळाला बाहेर आणा! उरलेली बोरं तिथे टाका!"

आणि मंडळी खरंच निघाली हो! पाट उचलला, विहानला उचललं, पंधरा बायका अरुंद गॅलरीत मावतील तेवढ्या मावल्या. श्वेता वहिनीने विहानला घट्ट कडेवर धरलं. काकूंनी दुसरं माप भरलं आणि ओतलं. निम्मं विहानवर पडलं, निम्मं कठड्यावरून खाली गल्लीत! खाली कॅफेटेरियाबाहेर चहा पीत उभ्या असलेल्या लोकांच्या डोक्यावर चुरमुरे, कपात बोरं. एकाने वर पाहिलं, कपातलं बोर काढून चाखलं आणि ओरडला, "और है?"

"वहिनी, परत एकदा!" फोनमधून बाबा. "आणि तुमचं नाक पुन्हा आलं!"

विहानने भोकाड पसरलं. मुकुटातले हलव्याचे दाणे सुटून टपाटप गळू लागले. वॉचमन खालून हातवारे करत होता. आणि काकूंच्या डोळ्यांत मात्र पाणी!

"बघा, याला म्हणतात कलाकार!" त्या गदगदून म्हणाल्या. "एका फोटोसाठी समोरच्या बिल्डिंगवर चढला माणूस! उगाच नाही ते बारा फोटो तसे आले. श्वेता, विहानला घेते मी. ती कॅलेंडरची फाईल तयार आहे ना? आत्ताच पाठव प्रेसला. आणि अविनाशरावांचं नाव जरा ठळक कर."

श्वेता वहिनीने विहानला काकूंकडे दिलं आणि फोनवर अंगठा नेला.

मी माझं वाक्य शोधलं. नम्र, स्पष्ट, आठवडाभर घोटलेलं. ते सापडलं नाही. त्याऐवजी माझ्या पोटातून कुठून तरी एक आवाज निघाला, जो मी स्वतःही याआधी ऐकला नव्हता.

"थांबा!"

अंगठा थांबला. विहान रडायचा थांबला. खाली कपात चमचा फिरत होता, तोही थांबला.

"ते फोटो माझे आहेत!" मी ओरडले. "सगळे! बाराच्या बारा! बाबाने फक्त गाडी चालवली!"

दोन्ही बिल्डिंगच्या गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली. चेहऱ्यावर गरम वाफ आल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं. फार बरं वाटलं! एवढ्या लोकांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं होतं आणि मी अजून जिवंत होते.

"अगं, हळू," बाबाचा आवाज फोनमधून आला. "फोन चालूच आहे. आणि वहिनी, खरंय तिचं. मी काढले असं कुठे म्हटलं मी? मी तर रस्ता कसा होता तेच सांगत होतो!"

काकू माझ्याकडे पाहतच राहिल्या. त्यांनी आठवून पाहिलं असावं. पार्किंग, गाडी, थालीपीठ. त्यांचं त्यांनाच हसू फुटलं, मग आईला, मग सगळ्या गॅलरीला.

"अगं बाई! मग आधी नाही का बोलायचंस?"

"तयारी करत होते," मी म्हणाले. ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

काकूंनी विहानला एका कडेवर सरकवलं, श्वेता वहिनीला खूण केली आणि माझ्या अगदी कानाशी येऊन, मला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून, हळूच विचारलं, "नाव कसं टाकायचं गं राजा, तुझं?"

आता इथे खरं तर मीही हळूच सांगायला हवं होतं. काकू वीतभर अंतरावर होत्या. पण इतकी वर्षं न वापरलेला आवाज एकदा सुटल्यावर तो बारीक करायचं बटण कुठे असतं, ते मला माहीतच नव्हतं. पिल्लई अंकल, चहावाले, वॉचमन आणि लिफ्टमधले ते भाजीवाले गृहस्थ, सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं,

"रेवा देसाई! आणि मोठ्या अक्षरांत!"