वकिलाविरुद्ध वकीलपत्र

जाफराबादच्या कोर्टात वकिली सुरू करून मला वर्षही झालं नव्हतं. पाठीशी ना वकील बाप, ना मामा. घरात चळवळीची पत्रकं वाचत वाढलो, एवढंच भांडवल. काम एकच: ज्येष्ठ वकिलाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसायचं आणि त्यांच्या वतीनं तारखा मागायच्या.

एक दिवस गाद्या भरणारे एक चाचा आले. त्यांच्या भाड्याच्या दुकानाला मालकानं स्वतःचं कुलूप ठोकलं होतं. कापूस पिंजायचं मशीन, गिऱ्हाइकांच्या गाद्या, सगळं आत.

"सगळ्या टेबलांवर जाऊन आल्तो, साब. मालक वकील हाये म्हणलं की कुणी कागद हातात घेईना."

वकिलाविरुद्ध वकीलपत्र घ्यायचं नाही, हा आमच्या बाररूमचा अलिखित कायदा. सभ्यता म्हणतात त्याला. मी टोळी म्हणतो.

मी दावा लावला. तारखेला मालकाच्या बाजूनं अख्खी बाररूम उभी. एरवी एकमेकांचे अशील पळवणारे त्या दिवशी सख्खे भाऊ झाले होते. लेखी म्हणणं द्यायला त्यांनी मुदत मागितली, मिळाली. पुन्हा मागितली, पुन्हा मिळाली.

"काय क्रांतिवीर, चहा घेता का चहावाल्यावरही दावा लावता?" बाररूममध्ये हशा.

बाहेर चाचा. "लग्नसराई हाये साब. लोकं गाद्या मागून राह्यले. काय सांगू त्यांला?"

मग एका संध्याकाळी ते मान खाली घालून आले. "मालक आजच कुलूप काढतो म्हणले. दावा मागं घ्यायला वकील पण तेच देणार. फक्त तुम्ही बाजूला व्हा म्हणले."

डोकं फिरलं. चाचांवर नाही.

"आधी कुलूप काढून घ्या. मशीन बराबर चालतं का बघा. मंग मी सही करतो."

दुकान उघडलं. दुसऱ्या दिवशी मी चाचांनी वकील बदलायला माझी ना हरकत लिहिली आणि खाली कारणही: 'मी बाजूला व्हावं या अटीवर विरुद्ध पक्षकार, स्वतः वकील असलेल्या मालकानं अशिलाचं दुकान उघडलं.'

ज्येष्ठांनी वाचलं. "हे खोड."

"खोटं आहे का, सर?"

"खरं आहे म्हणूनच खोड म्हणतोय. न्हाई तर उद्यापासून माझ्या टेबलावर येऊ नको."

कागद मी तसाच दाखल केला. आता कोर्टाच्या गेटबाहेर लिंबाखाली बसतो. कुणाचं भांडण वकिलाशी असलं की बाररूममधले हसत माझ्याकडं बोट दाखवतात. माणसं खरंच येतात.